झोप तुटली की पाय का खचतात?

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून आबा गुडघ्यासाठी आमच्या दवाखान्यात येतात. वय ७२. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "आबा, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठून दाखवा." त्यांनी हात छातीशी घेतले, पुढं झुकले, चार बोटं वर आले आणि परत खाली टेकले. दुसऱ्या वेळी दोन्ही तळवे मांड्यांवर रोवले आणि ओठ आवळून उठले. उठल्यावर लगेच पाऊल टाकलं नाही. भिंतीला बोटं लावून थोडा वेळ थांबले, मग चालायला लागले.

मी विचारलं, "रात्री झोप कशी लागते?"

"गुडघ्याचं बघा मॅडम. झोपंचं काय, वय झाल्यावर कुठं येतीय झोप. रातभर या कुशीचं त्या कुशीला करायचं."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं काम हाडं, सांधे आणि स्नायूंचं. पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय बघता बघता एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. गुडघ्याबद्दल विचारताना रात्रीबद्दल विचारलं नाही, तर अर्धा आजार बाहेरच राहतो. झोप आणि पायांतली ताकद एकाच गाडीला जुंपलेली आहेत. एक बैल बसला की दुसऱ्यालाही फार लांब जाता येत नाही. आबांना जे मी तुकड्यातुकड्यानं सांगितलं, ते इथं सलग मांडते आहे. घरात कुणी म्हातारं माणूस रात्री टक्क डोळे उघडे ठेवून पडलेलं असेल, तर हे त्यांच्या मुला-सुनांनी जरूर वाचावं.

आधी झोपेचंच बघू. रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत होतात. प्रत्येक फेरीत आधी हलकी झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, पहाटेकडे स्वप्नं वाढतात. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ होतात, नाडी मंदावते, रक्तदाब खाली येतो. तरुणपणी एकूण झोपेचा साधारण पाचवा हिस्सा गाढ झोपेचा असतो. वय वाढतं तसा हा हिस्सा आक्रसत जातो, बायकांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त. म्हणून तरुण पोरगा डीजेच्या आवाजातही घोरतो आणि आजीला मांजरीनं भांडं हलवलं तरी जाग येते. हा बदल खरोखर वयाचा आहे. त्याला घाबरायचं कारण नाही.

पण "म्हाताऱ्या माणसाला झोप लागतच नाही, लागायची गरजही नाही" हे खरं नाही. ६५ वर्षांच्या पुढच्या माणसालाही रात्री सात ते आठ तास झोप हवी, असं झोपेचे अभ्यासक सांगतात. वयाबरोबर गरज फारशी घटत नाही. घटते ती सलग झोपण्याची क्षमता.

झोप आणणारी दोन बळं आहेत. एक म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहतो आणि जितकं राबतो, तितकं एक रसायन मेंदूत साचत जातं आणि डोळे जड करतं. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांमागं, मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका सूर्यप्रकाश बघून दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतो. शरीराच्या पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना, जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना, २०१७ साली नोबेल मिळालं. म्हातारपणी हे घड्याळ पुढं सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते.

यातूनच घराघरात एक चुकीचा हिशेब मांडला जातो. आबांना मी विचारलं, जेवण किती वाजता? सातला. आडवं कधी होता? आठ, फार तर साडेआठ. जाग कधी येते? "तीनला डोळा उघडतोय, मग काही केल्या लागना." मी बोटं मोजून दाखवली. आठ ते तीन म्हणजे सात तास. मधल्या जागेपणाचा वेळ वजा केला तरी पाच-साडेपाच तास झोप झालेली असते. तीन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं, म्हणून माणसाला वाटतं की आपल्यालाच झोप नाही. मग तो पाच-सहा वाजेपर्यंत बाजेवर पडून राहतो, आणि दुपारी जेवल्यावर दीड-दोन तास ताणून देतो. झोपेची भूक तिथंच भागते. जेवायच्या आधी दोन मुठी शेंगदाणे खाल्ले की भाकरी जात नाही, तसंच हे.

आता पायांकडे येते. आपण राबतो, चालतो, ओझं उचलतो, तेव्हा स्नायूंच्या धाग्यांवर ताण येतो. त्यांची डागडुजी आणि नवी बांधणी दिवसरात्र चालू असते, पण तिला लागणारी परिस्थिती चांगल्या झोपेत जुळून येते. वाढीचं संप्रेरक (हार्मोन), जे फक्त मुलांसाठी असतं असा अनेकांचा समज आहे, ते मोठ्या माणसातही काम करतं आणि त्याचा मोठा झोत गाढ झोपेत सुटतो. उलट झोप तुटली की ताणाचं संप्रेरक वाढतं आणि ते स्नायूंची मोडतोड करतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात निरोगी तरुणांना फक्त एक रात्र जागं ठेवलं, तर स्नायूंमधली प्रथिनांची बांधणी १८ टक्क्यांनी घटलेली दिसली. ते तरुण होते आणि एकच रात्र होती. हा आकडा जसाच्या तसा सत्तरीतल्या माणसाला लावता येणार नाही. पण दिशा कळते.

त्यात म्हातारपणाची स्वतःची झीज असतेच. वयाबरोबर स्नायू आणि ताकद दोन्ही कमी होतात, आणि ताकद ही स्नायूंपेक्षा वेगानं जाते. याला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये हा शब्द पहिल्यांदा सुचवला गेला, तोवर या झिजेला धड नावही नव्हतं. आपल्याकडं ती ओळखायला यंत्र लागत नाही. ओलं लुगडं पिळता येईना, हंडा कडेवर घेता येईना, पंगतीतून उठताना कुणाचा तरी हात लागायला लागला, की समजावं.

झोपेचा आणखी एक धागा तोलाशी बांधलेला आहे. चालणं हे फक्त पायांचं काम नाही. डोळे, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र, तळव्यांची जाणीव आणि मेंदूचं लक्ष, या सगळ्यांचा मेळ लागतो. झोप अपुरी झाली की लक्ष ढळतं आणि प्रतिसाद उशिरा येतो. उंबऱ्याला ठेच लागली तर तरुण माणूस सावरतो. रात्रभर जागलेल्या म्हाताऱ्याचा दुसरा पाय पुढं यायला थोडाच उशीर होतो, पण तेवढ्या वेळात तो खाली गेलेला असतो. आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घरानं अनुभवलं आहे त्याला मी सांगायची गरज नाही.

अमेरिकेत ६५ च्या पुढच्या हजारो पुरुषांच्या मनगटाला रात्रभर हालचाल नोंदवणारं यंत्र बांधून एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. जे रात्री मध्येमध्ये जास्त वेळ जागे राहत होते, त्यांची मूठ जास्त कमजोर होती आणि चाल जास्त मंद. म्हाताऱ्या स्त्रियांच्या अभ्यासातही अशीच जोडी दिसली, आणि फार कमी झोपणाऱ्या बायका जास्त वेळा पडतात असंही आढळलं. आपल्या देशातही २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात घरी जाऊन मुठीची ताकद आणि चालण्याचा वेग मोजला, झोपेचे प्रश्नही विचारले. असे अभ्यास दोन गोष्टी सोबत चालतात एवढं दाखवतात. कोण कुणामुळे हे त्यातून ठरत नाही. माझ्या अनुभवात ते दोन्ही बाजूंनी चालतं. झोप नाही म्हणून अंग जड, अंग जड म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून झोपेची भूक नाही, आणि भूक नाही म्हणून परत रात्र जागी. शिवाय दुखणं मध्ये येतं. दुखऱ्या गुडघ्यानं झोप मोडते आणि झोप मोडली की तोच गुडघा दुसऱ्या दिवशी जास्त दुखतो, कारण वेदना सोसायची मेंदूची ताकद घटलेली असते.

या चक्रात आपण मुलं-सुनाही नकळत हातभार लावतो, आणि हे मला मनापासून टोचतं. ज्या बाईनं चाळीस वर्षं पऱ्हाटी वेचली, खुरपलं, भाकरी थापल्या, तिला मुलगा पुण्याहून येऊन सांगतो, "माय, आता तू फक्त बसून खा." प्रेमानंच सांगतो. पण बसून राहणं हे म्हाताऱ्या स्नायूंसाठी आजाराइतकं वाईट आहे. निरोगी म्हाताऱ्या माणसांना प्रयोग म्हणून दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. फक्त दहा दिवसांत. म्हणून ताप-सर्दीनं आठ दिवस बाजेवर पडलेली आजी उठल्यावर "पायच गेले बघ" म्हणते, तेव्हा ती वाढवून सांगत नसते.

तर ताकद किती उरली आहे, हे घरी कसं बघायचं? हात नसलेली, गुडघ्याच्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजी-आजोबांना छातीवर हात बांधून बसवा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसायला सांगा. मोबाईलमधलं घड्याळ लावा. बाजूला कुणीतरी सावरायला उभं पाहिजेच. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये जी मापं ठरवली, त्याप्रमाणे १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता कमी आहे असं धरतात. दुसरं माप चालण्याचं. ओसरीत सहा मीटर मोजा आणि नेहमीच्या चालीनं चालायला सांगा. सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तरी तोच इशारा. आबांना पाच उठबशांना, तेही हात टेकवून, १९ सेकंद लागले.

मग आम्ही रात्रीकडे वळलो. आबा रात्री चार वेळा लघवीला उठत होते. लघवी हे म्हाताऱ्या माणसाची झोप मोडणारं मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल कुणी लाजेनं बोलत नाही. त्याच्यामागं वाढलेलं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, असू शकतं, साखर असू शकते, रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असू शकते. आणखी एक साधं कारण असतं. दिवसभर पाय खाली सोडून बसलं की पोटऱ्यांत पाणी उतरतं, घोट्याला सूज येते. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढतात. दुपारी-संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवले तर त्यातलं बरंचसं झोपायच्या आधीच निघून जातं. पाणी दिवसा भरपूर प्यावं, झोपायच्या आधीचे दोन तास कमी करावं. पण उन्हाळ्यात लघवीच्या भीतीनं दिवसभर पाणीच न पिणं हा उलटा धोका आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, वर रक्तदाबाची गोळी. असा माणूस रात्री झटकन उठला की रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यापुढं अंधारी येते. म्हणून आधी बाजेच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मिणमिणता दिवा हवा, आणि वाटेत घमेलं, चपला, दोरी काही नको.

घोरणाऱ्या माणसाचा श्वास मध्येच थांबत असेल आणि मग धापा टाकत जाग येत असेल, तर त्याला साधं घोरणं समजू नका. श्वास थांबण्याच्या या आजारात रात्री लघवीही जास्त होते, सकाळी डोकं जड असतं आणि दिवसा बसल्याबसल्या डुलकी लागते. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या शहरांत याची तपासणी होते. कुणाला अंथरुणात पडलं की पायात किडे वळवळल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. त्यात रक्तातलं लोह कमी आहे का ते बघावं. आणि झोपेत कुणी हातपाय झाडत असेल, स्वप्नातल्या माणसाला लाथा मारत असेल, तर ते मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सनच्या, म्हणजे हातपाय थरथरण्याच्या, आजारात हे लक्षण कधीकधी बरीच वर्षं आधी दिसतं.

काही जागरणं मात्र आपल्या मुलखाची आहेत. कृषिपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं येते. हरभऱ्याला, शाळूला पाणी द्यायचं असलं की साठी-सत्तरीतला माणूसही बॅटरी घेऊन वावरात जातो. थंडी, चिखल, विंचू-सापाची भीती, आणि वर शरीराच्या घड्याळाची ओढाताण. एक आठवडा रात्री जागायचं, पुढच्या आठवड्यात दिवसा काम. कारखान्यातल्या पाळीच्या कामगारांचं जे होतं, तेच इथं म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. बीडकडं दसरा झाला की पोरं-सुना ऊसतोडीला जातात आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन घरी राहतात. रात्रीची जागल त्यांच्यावर येते. पत्र्याचं घर असेल तर उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत पत्रा तापलेलाच राहतो. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं आणि त्या घरात ते येत नाही. आपली जुनी माणसं माळवदावर, अंगणात बाज टाकून झोपायची, ते शहाणपणाचं होतं.

माझी आत्या औसा तालुक्यातली. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती तिशीत होती. आजही त्या वेळेच्या आसपास ती उठून बसते. भांडं वाजलं तरी आधी छताकडं बघते. आम्ही कित्येक वर्षं याला "आत्याची सवय" म्हणत होतो. ती सवय नव्हती, धसका होता. त्याबद्दल ती एका डॉक्टरांशी नीट बोलली तेव्हा कुठं थोडी बरी झोपायला लागली. मनातलं दुःख, नवरा किंवा मूल गेल्याचा शोक, शेतीच्या कर्जाची चिंता ही झोपेची कारणं आहेत. त्यांना वय म्हणून झटकून टाकू नये.

आता गोळ्यांबद्दल, आणि हे मी जरा ठासून सांगणार आहे. आबांच्या पिशवीत एक जुनी, घड्या पडलेली चिठ्ठी होती आणि त्या चिठ्ठीवर ते तीन वर्षं एका मेडिकलमधून झोपेची गोळी घेत होते. अल्प्राझोलाम. ही आणि तिच्या कुळातल्या गोळ्या झोप आणतात, पण ती झोप गाढ नसते. सकाळी अंगात गुंगी राहते, पाय अडखळतात, विसरायला होतं, आणि पडून हाड मोडायचा धोका वाढतो. म्हाताऱ्या माणसांनी शक्यतो टाळाव्यात अशा औषधांची एक यादी मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये सुरू केली. ती आजही वेळोवेळी सुधारली जाते आणि तिच्यात या गोळ्या आहेत. आपल्याकडं २०१४ पासून अशा गोळ्या देताना दुकानदारानं चिठ्ठी बघून वहीत नोंद ठेवणं बंधनकारक आहे. सर्दीची सुस्ती आणणारी गोळी झोपेसाठी घेणंही चांगलं नाही. तिनं म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडू शकते. पण हे वाचून कुणी झोपेची गोळी एका रात्रीत बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली गोळी अचानक सोडली तर झोप आणखी उडते, हात कापतात, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू, आठवड्या-आठवड्यानं कमी करायची. आबांच्या डॉक्टरांनी तसंच केलं.

गोळी काढून टाकायची तर त्या जागी काय ठेवायचं? निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून जगभरचे डॉक्टर आता झोपेच्या सवयी बदलण्याच्या उपचाराकडं बघतात. त्याचं मर्म शेतकऱ्याला पटकन समजतं. विहिरीत पाणी एक एकराचंच असेल आणि ते दोन एकरांत सोडलं, तर कुठलंच वावर धड भिजत नाही. झोप सहा तासांची आणि बाजेवर दहा तास, असं केलं की झोप पातळ होते. आबांना मी सांगितलं की आठला आडवं व्हायचं नाही. संध्याकाळी पाच-सहाच्या उजेडात पारावर बसा, हरिपाठाला जा, दहाला झोपा. संध्याकाळचा उजेड पुढं सरकलेलं घड्याळ थोडं मागं खेचतो. अर्धा तास झोप लागली नाही तर अंथरूण सोडून ओसरीत बसा, डोळे जड झाले की परत या. दुपारी झोपायचंच तर तीनच्या आत, अर्धा तास. चहाचा शेवटचा कप चारला, कारण चहातलं उत्तेजक पाच तासांनंतरही निम्मं अंगात असतं. झोपताना तंबाखू नाही, मिश्री नाही. ती लावल्याशिवाय झोप येत नाही असं बायका सांगतात, पण तंबाखूतलं द्रव्य जागं ठेवणारंच असतं.

आणि दिवस भरायचा. खरी झोप दिवसाच कमवावी लागते, असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटना ६५ पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस ताकद व तोलाचे व्यायाम सुचवते. नुसतं फिरणं पुरत नाही, हे इथं नीट लक्षात घ्या. चालण्यानं दमसास वाढतो, पण खुर्चीवरून उठवणारे मांडीचे स्नायू त्यानं फारसे वाढत नाहीत. त्यासाठी उठबशाच लागतात. आबांना मी सुरुवातीला खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवून दिली, म्हणजे उठणं सोपं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांनी एक उशी काढली, महिन्यानं दुसरी. भिंत धरून टाचा उचलायच्या, खांब धरून एका पायावर उभं राहायचं, मग बोटांनीच खांब धरायचा. जोर लागला पाहिजे, दुखायला नको.

खाण्याचंही बघितलं. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्त प्रथिन लागतं, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. आपल्याकडं रात्री दुधात भाकरी कुस्करून खाल्ली की जेवण संपतं. त्यात वाटीभर घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, दही, चालत असेल तर अंडं आलं पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

एक उलटी गोष्टही सांगते. कुणी म्हातारं माणूस नऊ-दहा तास झोपतं आणि दिवसाही पेंगतं, ते सुखाचं लक्षण समजू नका. थायरॉईड, रक्त कमी असणं, उदासी, औषधांची गुंगी, यांपैकी काही असू शकतं.

आबा साडेतीन महिन्यांनी परवा आले. पाच उठबशा, हात छातीवर, १४ सेकंद. लघवीला एकदा, फार तर दोनदा उठतात. गोळी अर्ध्यावर आली आहे. पहाटे चारला जाग येते, मग काकड्याला देवळात जातात. मला हे १२ च्या आत आणायचं आहे, म्हणून मी व्यायाम वाढवून दिला. ते कागदाची घडी खिशात घालत म्हणाले, "या हप्त्यात लाईट रातची हाय, मॅडम. हरभरा वाळायलाय."

"मग पोराला पाठवा ना."

"पोरगं पुण्याला हाय."

मी त्यांना म्हटलं, मग निदान सकाळी घरी आल्यावर खोलीत अंधार करून दोन तास झोपा, आणि वावरात जाताना काठी न्या. त्यांनी मान हलवली आणि दारातली पायरी उतरले, या वेळी भिंतीला हात न लावता.